टाइप करता करता कीवर्ड रंगवणे: रिचटेक्स्टबॉक्समधला कर्सर, लुकलुक आणि अन्डू (मंचावरचा धागा, प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

रिकामीओळ

विनफॉर्म्स (विंडोजच्या खिडक्या बनवायची डॉटनेट लायब्ररी), सी शार्प. एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) लिहायची एक खिडकी आहे, तिच्यात साधा रिचटेक्स्टबॉक्स (रंग, फॉन्ट देता येणारी लिहायची चौकट) बसवलाय. टाइप करतानाच सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर वगैरे निळे व्हावेत, अवतरणातला मजकूर तांबडा आणि कॉमेंट हिरवी, एवढीच अपेक्षा.

सध्याची पद्धत: टेक्स्टचेंज्ड इव्हेंट आला की सगळा मजकूर काळा करायचा, मग १८० कीवर्डांची यादी फिरवून प्रत्येकाचा रेजेक्स (मजकुरात नमुना शोधणारं सूत्र) चालवायचा, सापडेल तिथे सिलेक्शनस्टार्ट आणि सिलेक्शनलेंग्थ लावून सिलेक्शनकलर बदलायचा.

पन्नासेक ओळींपर्यंत ठीक चालतं. त्यापुढे पडदा लुकलुकतो, कर्सर भलतीकडे जातो, खालच्या ओळीत लिहिताना स्क्रोल वर उडी मारतो आणि कंट्रोल-झेड दाबलं की अक्षरांऐवजी रंग जातात. कॉमेंटमधला फ्रॉमसुद्धा निळा होतो, ते वेगळंच. कंट्रोल बदलायची तयारी आहे, पण आहे त्यातच काय सुधारता येईल ते आधी समजून घ्यायचंय.

कंसपूर्ण

पहिल्या चारही तक्रारींचं मूळ एकच आहे. रिचटेक्स्टबॉक्समध्ये रंग हा मजकुराचाच भाग असतो. रंग बदलला म्हणजे त्याच्या लेखी दस्तऐवज बदलला, म्हणून अन्डूत नोंद होते आणि पडदा पुन्हा काढला जातो. शिवाय सिलेक्शनकलर वापरायचा तर सिलेक्शन हलवावंच लागतं. म्हणजे लिहिणाऱ्याचा कर्सर आपण दर अक्षराला त्याच्या हातून काढून घेतो.

आहे त्या कंट्रोलवर आधी एवढं करा. रंगवण्याच्या फंक्शनमध्ये शिरताना एक बूलियन फ्लॅग लावा आणि फ्लॅग लागलेला असेल तर टेक्स्टचेंज्डमधून लगेच परत फिरा, नाहीतर रंगवण्यामुळे तोच इव्हेंट पुन्हा येऊन फेरा सुरू होतो. मग सिलेक्शनची सुरुवात आणि लांबी जपून ठेवा. स्क्रोलची जागा ईएम-गेटस्क्रोलपॉस या मेसेजने घ्या (क्रमांक १२४५, परत लावायचा १२४६). सेंडमेसेजने डब्ल्यूएम-सेटरिड्रॉ (क्रमांक ११) पाठवा, पहिला पॅरामीटर ०. ईएम-सेटइव्हेंटमास्क (क्रमांक १०९३) ला ० द्या. तो जुना मास्क परत देतो, तो सांभाळून ठेवा. आता रंगवा. झालं की सगळं या क्रमाने परत: सिलेक्शन, स्क्रोल, मास्क, सेटरिड्रॉला १, आणि शेवटी इनव्हॅलिडेट. इनव्हॅलिडेट राहिलं तर रंग लागलेले असतात पण दिसत नाहीत.

परत लावायचा भाग फायनली ब्लॉकमध्येच हवा. मध्ये एखादं एक्सेप्शन आलं आणि सेटरिड्रॉ ०वरच राहिला तर खिडकी गोठल्यासारखी दिसते. लोक मग चूक थ्रेडिंगमध्ये शोधत बसतात.

यातलं एक व्यंग मात्र राहतं. शिफ्ट धरून खालून वर निवडलेला मजकूर असेल, तर सिलेक्शनस्टार्ट आणि लेंग्थ परत लावल्यावर हलतं टोक वरचं न राहता खालचं होतं. पुढचा शिफ्ट-बाण उलटा चालतो. सिलेक्शन वापरून रंगवण्यात याला साधा इलाज नाही.

अर्धविराम

लुकलुक थांबली तरी हळूपणा जाणार नाही, कारण १८० रेजेक्स म्हणजे दर अक्षराला पूर्ण मजकुरावरून १८० फेऱ्या. आणि कॉमेंटमधला फ्रॉम निळा होतो तोही याच रचनेमुळे. कीवर्ड स्वतंत्रपणे शोधला की तो कुठल्या संदर्भात आहे हे कळायला वावच उरत नाही.

एकच फेरी मारणारा स्कॅनर लिहा. खालची ओळ घ्या (इथे नागरीत लिहितोय):

सिलेक्ट नाव फ्रॉम [ऑर्डर] व्हेअर शेरा = 'फ्रॉम पुणे' -- सिलेक्ट नंतर

पहिल्या अक्षरापासून निघा. अक्षर आहे, तर शब्द संपेपर्यंत पुढे जा: 'सिलेक्ट'. हॅशसेटमध्ये (कीवर्डांची झटकन शोधता येणारी यादी) बघा, आहे, निळा. 'नाव' नाही, काळाच. 'फ्रॉम' निळा. चौकटी कंस उघडला, म्हणजे बंद होईपर्यंतचं सगळं एक नाव, त्यातला ऑर्डर कीवर्ड असला तरी रंगवायचा नाही. 'व्हेअर' निळा. एकेरी अवतरण आलं की पुढच्या एकेरी अवतरणापर्यंत मजकूर, तांबडा. दोन एकेरी अवतरणं लागोपाठ आली तर ती शेवट नसून मजकुरातलंच एक अवतरण असतं, तिथे थांबायचं नाही. दोन उणे चिन्हं आली, ओळ संपेपर्यंत हिरवं. प्रत्येक अक्षर एकदाच वाचलं गेलं आणि अवतरणातला फ्रॉम आपोआप वगळला गेला.

हॅशसेट बनवताना स्ट्रिंगकंपेअरर-ऑर्डिनलइग्नोअरकेस द्या. शब्द टू-अपरने मोठा करून शोधू नका. तुर्की लोकेलमध्ये (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगमध्ये) लहान 'आय' मोठा होताना वर टिंब असलेला 'आय' होतो आणि इन्सर्ट, इनर, इन हे सगळे कीवर्ड हरवतात.

रिकामीओळ

स्कॅनर समजला. पण अनेक ओळींची कॉमेंट, /* इथे उघडली आणि दहा ओळींनंतर */ आलं, तर फक्त चालू ओळ रंगवून कसं भागणार?

अर्धविराम

प्रत्येक ओळीच्या शेवटी स्कॅनर कुठल्या अवस्थेत होता तो एक आकडा साठवा. साधं असेल तर ०, कॉमेंटच्या आत १, अवतरणाच्या आत २. ओळ बदलली की आधीच्या ओळीची शेवटची अवस्था घेऊन ती ओळ पुन्हा स्कॅन करा. नवी शेवटची अवस्था जुन्याइतकीच निघाली तर थांबा. वेगळी निघाली तर पुढची ओळ घ्या, आणि जुनी-नवी अवस्था जुळेपर्यंत असंच. सर्वसाधारण टाइपिंगमध्ये एका ओळीतच काम संपतं. क्यूटी या लायब्ररीचा क्यूसिंटॅक्सहायलाइटर हेच करतो: हायलाइटब्लॉक एका ओळीसाठी बोलावला जातो, प्रीव्हियसब्लॉकस्टेट वाचायचा (सुरुवातीला उणे १ असतो), सेटकरंटब्लॉकस्टेट लावायचा. स्टेट बदलला तर पुढचा ब्लॉक तो स्वतःहून मागवतो.

फाइलच्या अगदी वर कोणी /* टाइप केलं तर शेवटपर्यंत सगळं बदलतं. तेव्हा पडद्यावर दिसणाऱ्या ओळी लगेच रंगवा आणि उरलेलं टायमरवर, थोडं थोडं. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला साधारण १६ मिलिसेकंद मिळतात. त्यात अक्षर उमटलं पाहिजे, रंग एक-दोन फ्रेम मागे राहिला तर डोळ्याला खुपत नाही.

आणि हो, ओळ शोधताना गेटलाइनफ्रॉमकॅरइंडेक्सवर विसंबू नका. वर्डरॅप चालू असेल तर तो पडद्यावर मोडलेल्या ओळीचा क्रमांक देतो, लाइन्स ॲरे मात्र खऱ्या ओळी देतो. दोन्ही एकत्र वापरले की लांब ओळीनंतरचा प्रत्येक रंग सरकतो. कर्सरपासून मागे आणि पुढे नवओळीचं चिन्ह शोधणं सगळ्यात खात्रीचं. टेक्स्ट प्रॉपर्टी मात्र इव्हेंटमध्ये एकदाच वाचून व्हेरिएबलमध्ये ठेवा, प्रत्येक वाचनाला पूर्ण मजकुराची नवी प्रत बनते.

ताम्रपट

पेस्टचं विसरू नका. चालू ओळच रंगवली तर चाळीस ओळी पेस्ट केल्यावर शेवटचीच रंगते. जुना आणि नवा मजकूर सुरुवातीपासून कुठपर्यंत सारखा आहे आणि शेवटाकडून कुठपर्यंत सारखा आहे ते काढा, मधला तेवढा बदललेला. शिवाय रिचटेक्स्टबॉक्स ब्राउझरमधून आलेला फॉन्ट आणि पार्श्वभूमीही घेऊन येतो. कंट्रोल-व्ही आणि शिफ्ट-इन्सर्ट दोन्ही अडवून फक्त साधा मजकूर घाला. शिफ्ट-इन्सर्ट अडवायचं बरेचदा राहून जातं.

कंसपूर्ण

आता अन्डू. यासाठी सिलेक्शन सोडून टेक्स्ट ऑब्जेक्ट मॉडेलकडे (रिचटेक्स्टबॉक्समधला मजकूर थेट हाताळायचे इंटरफेस) जावं लागेल. ईएम-गेटओएलईइंटरफेस (क्रमांक १०८४) पाठवून जो इंटरफेस मिळतो तो आयटेक्स्टडॉक्युमेंटमध्ये कास्ट करा. रंगवण्याआधी त्याच्या अन्डू मेथडला टॉम-सस्पेंड म्हणजे उणे ९९९९९९५ द्या, झाल्यावर टॉम-रिझ्यूम म्हणजे उणे ९९९९९९४. मधल्या काळातले बदल अन्डूत नोंदले जात नाहीत. कंट्रोल-झेड मग फक्त मजकूर मागे नेतो.

त्याच डॉक्युमेंटवर रेंज मेथड आहे. सुरुवात आणि शेवट देऊन रेंज घ्या, तिच्या फॉन्टचा फोरकलर लावा. सिलेक्शनला हातही लागत नाही, त्यामुळे वर म्हटलेलं उलट्या टोकाचं व्यंगही जातं. फ्रीझ आणि अनफ्रीझही इथेच मिळतात. दोन्ही गोष्टी एकदा बसवल्या की आधीच्या उत्तरातली निम्मी यातायात काढून टाकता येते, म्हणून शक्य असेल तर थेट इथूनच सुरुवात करा.

रंग देताना काळजी घ्या. इथे रंगाचा आकडा निळा-हिरवा-लाल अशा क्रमाने असतो. डॉटनेटच्या कलरचा टू-एआरजीबी तसाच दिला तर निळे कीवर्ड तांबडे होतात. कलरट्रान्सलेटरचा टू-विन३२ वापरा.

ओळ आधी पूर्ण काळी करून मग निळी करणंही सोडा. स्कॅनरने दिलेले तुकडे मागच्या वेळच्या तुकड्यांशी ताडून बघा आणि जिथे फरक आहे तेवढ्यालाच रंग लावा. फक्त एक अपवाद: कीवर्डला चिकटून टाइप केलेलं नवं अक्षर आधीच्याचा रंग घेऊन येतं. म्हणून नव्याने आलेला भाग नेहमी 'फरक आहे' असाच धरा.

ताम्रपट

फाइल पहिल्यांदा उघडताना मात्र रेंज एकेक करून लावू नका. पूर्ण आरटीएफ (रंगांसकट मजकूर लिहायचं स्वरूप) स्वतः तयार करून आरटीएफ प्रॉपर्टीला एकदाच द्या, वर रंगांचा तक्ता आणि मजकुरात रंगाचा क्रमांक. बॅकस्लॅश आणि दोन्ही महिरपी कंस यांच्याआधी बॅकस्लॅश लावायला हवा. नागरी अक्षरं बॅकस्लॅश-यू आणि दशमान क्रमांकाने लिहायची, क म्हणजे २३२५, आणि मागे एक प्रश्नचिन्ह, जुन्या वाचकांसाठी.

दोनदांडी

माझी अडचण थोडी वेगळी. कीवर्डच मराठी आहेत: जर, तर, नाहीतर, जोवर. शिकणाऱ्यांसाठीची छोटी भाषा आहे. बॅकस्लॅश-बी लावून शब्दाची हद्द ठरवली, तर डॉटनेटमध्ये 'जरा' मधला 'जर' रंगतो पण 'जरूर' मधला रंगत नाही. हाच रेजेक्स जावास्क्रिप्टमध्ये नेला तर मोकळा 'जर' सुद्धा रंगत नाही. हे काय आहे?

अर्धविराम

फार नेमकं उदाहरण दिलंत. बॅकस्लॅश-बी म्हणजे शब्दातलं अक्षर आणि शब्दाबाहेरचं अक्षर यांच्यामधली जागा, आणि 'शब्दातलं' कशाला म्हणायचं हे प्रत्येक इंजिन वेगळं ठरवतं. डॉटनेटच्या व्याख्येत अक्षरं, जागा न घेणारी चिन्हं, दशमान अंक आणि अंडरस्कोरसारखी जोडचिन्हं येतात. युनिकोडमध्ये उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही जागा न घेणारी चिन्हं आहेत, पण काना आणि दोन्ही वेलांट्या जागा घेणाऱ्या गटात आहेत. म्हणून 'जरा' मध्ये र नंतरचा काना त्याला शब्दाबाहेरचा वाटतो आणि हद्द सापडते. 'जरूर' मधला दीर्घ ऊकार शब्दातलाच धरला जातो, तिथे हद्द नाही. ऱ्हस्व-दीर्घाशी याचा काही संबंध नाही, फक्त गटाचा प्रश्न आहे.

जावास्क्रिप्टमध्ये बॅकस्लॅश-डब्ल्यू म्हणजे इंग्रजी अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर, बस. यू फ्लॅग लावूनही नागरी त्यात येत नाही. 'जर' च्या दोन्ही बाजूंना आणि आतही सगळंच शब्दाबाहेरचं, मग हद्द कुठून सापडणार. पायथनच्या आरई मॉड्यूलमध्ये तर कुठलीच मात्रा शब्दात धरत नाहीत, तिथे 'जरूर' मधलाही 'जर' सापडेल.

उपाय एकच: बॅकस्लॅश-बी वापरूच नका. आधी आणि नंतर अक्षर, चिन्ह किंवा अंक नसावा अशी मागे-पुढे बघणारी अट लिहा. बॅकस्लॅश-पी मध्ये एल, एम आणि एन हे तीन गट घाला, जोडीला अंडरस्कोर. डॉटनेटमध्ये हे थेट चालतं, जावास्क्रिप्टमध्ये यू फ्लॅग लावून. पायथनच्या आरईला बॅकस्लॅश-पी कळत नाही, तिथे वेगळं रेजेक्स नावाचं मॉड्यूल घ्या. आणि शून्य रुंदीचा जोडक व विभाजक (२००डी आणि २००सी) हेही शब्दाचा भाग धरा, 'र्‍य' काही कीबोर्डांवरून जोडक घेऊनच येतो.

स्वतः स्कॅनर लिहिला असेल तर तिथेही कॅर-इजलेटर पुरत नाही. तो 'जरा' चा काना नाकारतो आणि शब्द तिथेच तुटतो. युनिकोड कॅटेगरी तपासा.

दोनदांडी

जुळलं. 'जरा' आणि 'जरूर' दोन्ही काळे, 'जर' निळा. पण फोनेटिक पद्धतीने टाइप करताना शब्द अर्धवट असतानाच तुटतो, पुढची अक्षरं वेगळीच उमटतात. इनस्क्रिप्टवर हा त्रास नाही.

कंसपूर्ण

इनस्क्रिप्ट थेट अक्षर देतो. फोनेटिकमध्ये शब्द आधी कच्चा असतो आणि स्पेस दाबल्यावर पक्का होतो. तो कच्चा असताना तुम्ही सिलेक्शन हलवलं की इनपुट पद्धतीला वाटतं लिहिणारा दुसरीकडे गेला, आणि ती शब्द तिथेच पक्का करून टाकते. विंडोजमध्ये डब्ल्यूएम-आयएमई-स्टार्टकंपोझिशन आणि एंडकंपोझिशन हे मेसेज डब्ल्यूएनडीप्रॉकमध्ये पकडा, त्या दोघांच्या मध्ये रंगवणं पूर्ण बंद ठेवा, संपल्यावर एकदा रंगवा. वेबवर त्याच जागी कंपोझिशनस्टार्ट, कंपोझिशनएंड आणि इव्हेंटवरचा इजकंपोझिंग.

पारदर्शी

वेबचा विषय निघालाच आहे तर. टेक्स्टएरियाच्या आत रंग लावता येत नाही, म्हणून मागे एक डिव्ह ठेवून त्यात रंगीत मजकूर दाखवायचा आणि वरच्या टेक्स्टएरियाचा रंग पारदर्शक करून कॅरेट-कलर तेवढा काळा ठेवायचा, ही पद्धत छोट्या कामाला पुरते. दोघांचा फॉन्ट, आकार, लाइन-हाइट, पॅडिंग, बॉर्डर, टॅब-साइझ तंतोतंत सारखे हवेत, व्हाइट-स्पेस प्री-रॅप. टेक्स्टएरियाला स्क्रोलबार आला की त्याची रुंदी घटते, ओळ वेगळ्या ठिकाणी मोडते आणि तिथून खाली सगळे रंग एक ओळ चुकतात. दोघांना ओव्हरफ्लो-वाय स्क्रोल कायमचा द्या. मजकूर नवओळीवर संपला तर मागच्या डिव्हमध्ये ती शेवटची ओळ दिसत नाही, शेवटी एक जादा स्पेस जोडा. कीवर्ड ठळक करू नका, अक्षरांची रुंदी बदलते.

नागरीत अजून एक: स्पॅनची हद्द जोडाक्षराच्या किंवा मात्रेच्या मध्ये पडली तर आकार मोडू शकतो, मात्रा ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली दिसते. वरची एल-एम-एनची अट पाळली तर हद्द तिथे पडतच नाही.

कंटेंटएडिटेबल (पानातलाच घटक लिहिता येण्याजोगा करणं) वापरणार असाल तर दर अक्षराला इनरएचटीएमएल नव्याने लिहू नका. कर्सर जातो, अन्डू जातो, कच्चा शब्द जातो. तिथे सीएसएसचं कस्टम हायलाइट एपीआय वापरा. रेंज बनवायच्या, हायलाइट ऑब्जेक्टमध्ये घालायच्या, सीएसएस-हायलाइट्समध्ये नावाने नोंदवायच्या आणि त्या नावाला रंग द्यायचा. डॉमला (पानातल्या घटकांच्या रचनेला) स्पर्शच होत नाही. क्रोममध्ये १०५ पासून आहे, सफारीत १७.२ पासून, फायरफॉक्समध्ये १४० पासून. फक्त रंग, पार्श्वभूमी, अधोरेखन अशा मोजक्या गोष्टी चालतात, आणि टेक्स्टएरियाच्या आत चालत नाही.

ताम्रपट

पारदर्शींनी सांगितलेलं हायलाइट एपीआय आणि डेस्कटॉपवरचं सिंटिला (कोड लिहायचा तयार कंट्रोल), दोन्हींची मांडणी एकच: मजकूर एकीकडे, रंग दुसरीकडे. मूळ धागाकर्त्यांनी कंट्रोल बदलायची तयारी दाखवली आहे, तर सरळ सिंटिला घ्या. नोटपॅड++ त्यावरच उभं आहे, विनफॉर्म्ससाठी सिंटिलाडॉटनेट आहे. डब्ल्यूपीएफ असतं तर ॲव्हलॉनएडिट सुचवलं असतं. सिंटिलात प्रत्येक बाइटशेजारी शैलीचा आकडा वेगळा राहतो, अन्डूत तो येत नाही, आणि स्टाइलनीडेड इव्हेंट नेमका कुठपर्यंत रंग हवाय ते सांगतो.

दोन खाचखळगे. एसक्यूएल लेक्सरला (सिंटिलाचा तयार स्कॅनर) सेटकीवर्ड्समध्ये यादी लहान अक्षरांत द्या. मोठ्या अक्षरांत दिली तर एकही शब्द रंगत नाही आणि त्रुटीही येत नाही. दुसरं, मूळ सिंटिलाच्या जागा बाइटमध्ये मोजल्या जातात. यूटीएफ-८ मध्ये नागरी अक्षर ३ बाइटचं, 'जरा' म्हणजे ९. सिंटिलाडॉटनेट हे रूपांतर स्वतः करतो, पण थेट मेसेज पाठवलात तर मराठी कॉमेंटनंतरचे सगळे रंग सरकतात.

रिकामीओळ

सिंटिलाकडे जातो. अवस्थेचा एक प्रश्न उरतो: काही ग्राहक एसक्यूएल सर्व्हरवर आहेत, काही मायएसक्यूएलवर. अर्धविरामांचा ०-१-२चा स्कॅनर दोन्हीकडे चालेल?

अर्धविराम

तसाच नाही. एसक्यूएल सर्व्हर आणि पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये /* च्या आत /* उघडता येतं आणि प्रत्येकाला स्वतःचा */ लागतो. तिथे अवस्थेत १ ऐवजी खोली साठवा: उघडलं की एक वाढवा, मिटलं की एक कमी. मग अवतरणाची अवस्था २ ठेवू नका, खोलीशी गोंधळ होईल, उणे २ वगैरे द्या. मायएसक्यूएलमध्ये पहिला */ आला की कॉमेंट संपली, खोली १च्या वर जाऊ द्यायची नाही.

मायएसक्यूएलमध्ये दोन उणे चिन्हांनंतर मोकळी जागा असेल तरच ती कॉमेंट, नाहीतर ५--३ ही वजाबाकी आहे. शिवाय # पासूनही कॉमेंट सुरू होते आणि नावं चौकटी कंसाऐवजी बॅकटिकमध्ये असतात. सिंटिलाच्या एसक्यूएल लेक्सरला बॅकटिकचं सांगायला लेक्सर-डॉट-एसक्यूएल-डॉट-बॅकटिक्स-डॉट-आयडेंटिफायर ही प्रॉपर्टी १ करा. जोडणी बदलली की प्रॉपर्टी आणि कीवर्डांची यादी दोन्ही बदला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा रंगवायला सांगा, नाहीतर आधीच्या बोलीतले रंग तसेच राहतात.